विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र: आत चांगलं, आत शिरणं अवघड

आमच्या विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राबद्दल हॉस्टेलवर दोनच मतं ऐकू येतात. "काही करत नाहीत, नुसतं बोलायला लावतात" हे एक, आणि "जा गं, बरं वाटेल" हे दुसरं. दुसरं मत देणारे बहुतेक जण स्वतः कधी गेलेले नसतात. मी पीएचडी करते, विषय संख्याशास्त्र, आणि जवळजवळ वर्षभर तिथे जाते आहे. माझं म्हणणं असं की खोलीत बसलेली माणसं आपलं काम नीट जाणतात, पण त्यांच्यापर्यंत पोचवणारी व्यवस्था कुणीतरी दुसऱ्याच ऑफिसची उचलून आणून लावली आहे. जाणाऱ्यानं हे आधीच ओळखून जावं. मग दाराबाहेरच्या वैतागाचा राग आतल्या माणसावर निघत नाही.

आधी जागेचं सांगते. केंद्र परीक्षा विभागाच्या मजल्यावर आहे. बसायची बाकं भर कॉरिडॉरमध्ये, आणि समोरच मार्कशीटच्या दुरुस्त्यांची खिडकी. म्हणजे अर्ध्या विद्यापीठाची रांग तुमच्याकडे तोंड करून उभी. दारावरची पाटी इतकी ठळक की चष्मा विसरून आलेल्यालाही वाचता येईल. मी ज्या बॅचची ट्यूटोरियल्स घेते त्यातली दोन मुलं एकदा रांगेत होती. "मॅडम, तुम्ही इथे?" मी म्हटलं, "मार्कशीट." त्यांनी मान डोलावली आणि अत्यंत समजूतदारपणे पाठ फिरवून उभी राहिली. चांगली मुलं आहेत. पण जिथे यायलाच लोक कचरतात, तिथली बाकं भिंतीच्या आतल्या बाजूला हलवायला काय लागतं?

दुसरी तक्रार आठवणीच्या मेलची. आदल्या दिवशी विद्यापीठाच्या मेलवर आठवण येते, हे उत्तम. तेव्हा मात्र विषयातच "उद्याची समुपदेशन भेट" असं लिहिलेलं असायचं आणि पुढे समुपदेशकाचं नाव. माझा तो मेल नेमका विभागाच्या सेमिनारमध्ये, प्रोजेक्टरवर, स्क्रीनच्या कोपऱ्यात उगवला. सरांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पुढची स्लाइड मागितली. मी केंद्राला चार ओळी लिहिल्या. महिन्याभरात मेलच्या विषयात फक्त "उद्याची भेट" यायला लागलं, नावगाव गायब. तक्रार वाचली जाते, याचे गुण द्यायलाच हवेत.

आता फॉर्म. पहिल्या भेटीआधी तो भरून घेतात, आणि इथे माझ्यातली संख्याशास्त्राची विद्यार्थिनी जागी झाली. त्यात पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या असतात. पहिली नैराश्याची, नऊ प्रश्नांची. दुसरी चिंतेची, सात प्रश्नांची. दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाला "अजिबात नाही"पासून "जवळजवळ रोज"पर्यंत चार पर्याय, शून्य ते तीन गुण. पीएचक्यू-९ ची बेरीज २७ पर्यंत जाते. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून जरा जास्त आणि वीसपासून तीव्र, असे टप्पे आहेत. मुलं बाहेर येऊन एकमेकांना आकडा सांगतात. "माझा चौदा आला." जणू ब्लड रिपोर्टच.

तो आकडा म्हणजे निदान नाही, आणि का नाही ते साध्या हिशेबात सांगते. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या कर्त्यांनी तपासून दाखवलं होतं की दहा ही सीमा धरली तर खरंच नैराश्याचा आजार असलेल्यांपैकी ८८ टक्के जण सीमेच्या वर येतात, आणि आजार नसलेल्यांपैकी ८८ टक्के खाली राहतात. चाळणी म्हणून हे छानच आहे. आता समजा हजार विद्यार्थ्यांनी फॉर्म भरला आणि त्यातल्या शंभरांना आजार आहे. शंभरातले ८८ वर आले. उरलेल्या नऊशेंपैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जण, आजार नसताना वर आले. एकूण वर आलेले १९६, आणि त्यात निम्म्याहून जास्त जणांना तो आजार नाहीच. केंद्रात आपण होऊन येणाऱ्यांत त्रास असलेल्यांचं प्रमाण जास्त असणार हे खरं. शंभराऐवजी चारशे धरा, तर ३५२ खरे आणि ७२ चुकून आलेले. चाळणी तीच, आकडाही तोच, पण त्याचा अर्थ तुम्ही कोणत्या गर्दीतून आलात त्यावर बदलतो. म्हणून आकडा घेऊन समुपदेशकासमोर बसायचं. तो घेऊन नेटवर बसलात तर रात्र जाईल.

हे सगळं मी पहिल्या भेटीत समोरच्या मॅडमना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणून मी बेरीज शेवटी बघते. आधी नववा प्रश्न बघते." नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. मी तिथे आधी "काही दिवस" वर खूण केली होती आणि मग खोडून "अजिबात नाही" वर केली होती. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि खोडलेल्या जागेवर पेनाचं टोक ठेवलं. "इथे काय झालं?" आवाज अगदी साधा, पत्ता विचारावा तसा. मग सरळ विचारलं: जीव द्यावा असं मनात येतं का, कधी येतं, कसं करायचं असं काही ठरवलं आहे का. मला वाटलं होतं असं कुणी विचारलं तर मी कोसळेन. उलट खांदे सैल झाले. इतक्या उघडपणे विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात भरतो असा समज आहे, पण तसं होत नाही. समुपदेशकांना हे थेट विचारायचंच शिकवलेलं असतं. माझं उत्तर फार गंभीर निघालं नाही, तरी त्यांनी एक कागद भरून घेतला: आपलं बिघडतंय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटीनं काय करू शकते, कुणाजवळ जाऊन बसू शकते, मदत कुणाकडे मागेन, केंद्र बंद असताना कुठे फोन करेन. मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लावला. तो अजून आहे.

त्याच भेटीत गोपनीयतेचा कागद येतो. तो बरेच जण न वाचता सही करतात, वाचा. आमच्या केंद्रात बोललेलं विभागाला, गाईडला, घरी कुणालाही कळवत नाहीत, आणि इथली नोंद मार्कांच्या नोंदींपासून वेगळी ठेवतात. अपवाद मोजके: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावरचा अत्याचार, कोर्टाचा आदेश. "मग गोपनीय काय राहिलं?" असं माझ्या रूममेटनं विचारलं होतं. या अपवादांमागे खऱ्या घटना आहेत. यातली सर्वांत गाजलेली विद्यापीठाच्याच आवारातली आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका विद्यार्थ्यानं विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की तो एका तरुणीला मारणार आहे. त्यांनी कॅम्पसच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडलं, तिला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही, आणि तिचा खून झाला. आईवडिलांनी दावा लावला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की अशा वेळी धोका असलेल्या व्यक्तीच्या बचावासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. टॅरासॉफ खटला म्हणून तो ओळखला जातो. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा, तेव्हा आपल्या केंद्राचा कागद काय म्हणतो तेच महत्त्वाचं. आणि "गाईडचा गळा दाबावासा वाटतो" असं म्हटल्यावर कुणी पोलीस बोलवत नाही. मी म्हणून पाहिलं आहे. मॅडमनी फक्त विचारलं, "कोणत्या मेलनंतर?"

पहिली भेट या मॅडमबरोबर झाली, पण नेहमीच्या सेशनसाठी मला दुसऱ्याच समुपदेशकाकडे दिलं. प्राथमिक भेट कुणाकडेही होते आणि पुढे ज्याची वेळ रिकामी त्याच्याकडे नाव जातं. हा प्रकार मला बिलकुल पटलेला नाही. एकदा सगळं ओकून झाल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून दुसऱ्याला सांगायचं! हे दुसरे सर वाईट नव्हते. पण मी थिसिसबद्दल बोलायला लागले की ते त्यांच्या पीएचडीच्या दिवसांवर जायचे, आणि माझ्या पन्नास मिनिटांतली बरीच मिनिटं त्यांच्या व्हायवात जायची. (सेशन पन्नास मिनिटांचंच असतं. उरलेली दहा नोंदी लिहायला आणि पुढच्याआधी श्वास घ्यायला.)

बदलून मागता येतं हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही. काउंटरवर विचारल्यावर कळलं. एक छोटा फॉर्म आहे, त्यात "कारण" असा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवला तरी चालतो. मी लिहिलं: "मला स्वतःबद्दल बोलायचं आहे." सरांनी स्वतःच सही करून मला पहिल्या मॅडमकडे पाठवलं, वर म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत." मला त्यांच्याबद्दल तेव्हा जितका आदर वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये समुपदेशनातल्या नात्याचे तीन धागे सांगितले: कशासाठी भेटतोय त्यावर एकमत, काय करायचं त्यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. यातला एखादा जुळत नसेल तर दोन-तीन भेटींत कळतं. तेव्हा गुपचूप जाणं बंद करू नका, बदलून मागा. तिथे कुणाला राग येत नाही.

"नुसतं बोलायला लावतात" या तक्रारीबद्दल आता. मॅडम सल्ला देत नाहीत हे खरं आहे. मी पहिल्या काही वेळा चिडले. पीएचडी सोडू की नको, एवढंच तर विचारत होते. त्या म्हणाल्या, "मी सोडा म्हटलं तर सोडाल?" मी म्हटलं, नाही. "नका सोडू म्हटलं तर?" तेव्हाही मी वाद घातला असता. मग सल्ला कुणासाठी द्यायचा?

पण सल्ला नसला तरी कामाला लावतात, आणि ते काम बारीक असतं. माझं एक उदाहरण. माझ्या गाईडचा, म्हणजे विभागातल्या सरांचा, मेल आला होता: "सवड झाली की भेटा." एवढंच. तीन शब्द वाढवून लिहायला काय झालं असतं? मी तो वाचला आणि विभागाकडे फिरकणंच बंद केलं. जेवायला जाताना लांबच्या जिन्यानं उतरायचे. मॅडमनी एका कागदावर रकाने पाडले: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं आणि किती, तो विचार खरा असल्याचा पुरावा काय, नसल्याचा पुरावा काय, आणि हे सगळं बघून दुसरा कोणता विचार बसतो. अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञानं १९६० च्या दशकात ज्या उपचारपद्धतीचा पाया घातला तिच्यातलं हे रोजचं हत्यार आहे. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत) म्हणतात ती. "मनात काय आलं" मध्ये मी लिहिलं: सर मला काढून टाकणार. "किती खात्री?" पंच्याण्णव टक्के.

मॅडम क्षणभर त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मला पहिल्या दिवशी काहीतरी समजावलं होतंत. आकड्याचा अर्थ गर्दीवर ठरतो, असं काहीतरी. सरांचे असे मेल आधी किती आले, आणि त्यातल्या कितींनंतर वाईट घडलं?"

मी गप्प. मोबाइलवर मेलबॉक्स उघडला, सरांचं नाव आणि "भेटा" टाकून शोधलं. पानभर मेल निघाले. एक फॉर्मवरच्या सहीचा, एक सेमिनार रूमच्या बुकिंगचा, एक कुणा पाहुण्यांना कॅम्पस दाखवण्याचा. एकदाच खरोखर ओरडा बसला होता, आणि त्या मेलमध्ये मुळी "भेटा" नव्हतं, "ताबडतोब या" होतं. आधीचं प्रमाण धरूनच नव्या पुराव्याचा अर्थ लावायचा, हा बेझचा नियम वर्गात मुलांना शिकवते मी! खात्रीचा आकडा खोडून वीस लिहिला. पुढच्या सोमवारी गेले तर सरांना एका पेपरच्या परीक्षणात मदत हवी होती.

दर वेळी इतकं सुरेख जमत नाही, हेही सांगते. काही सेशन नुसती गेली. एकदा मी पूर्ण वेळ हॉस्टेलच्या गीझरबद्दल बोलले. गृहपाठ न करता गेलं की दोघीही जरा अवघडतो. आणि तिसऱ्या चॅप्टरचं भिजत घोंगडं समुपदेशनानं सुकलेलं नाही. तो लिहायचा मलाच आहे. फरक इतकाच की आता फाइल उघडते. मॅडमनी एकदा मुद्दाम वाईट परिच्छेद लिहून आणायला सांगितला होता. मी लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली दोन वाक्यं तशीच चॅप्टरमध्ये गेली.

केंद्रात गटाची सेशनही असतात. थिसिस लिहिणाऱ्यांचा एक गट आहे, आणि वेटिंग लिस्टवर असताना मला तिथे पाठवलं होतं. मी नाखुशीनंच गेले, कारण "तुम्हाला एकटीला वेळ नाही म्हणून घोळक्यात बसा" असा त्याचा अर्थ मी लावला होता. पदार्थविज्ञानाचा एक मुलगा, माझ्याहून बराच लहान, माझी सगळी रडकथा ऐकून म्हणाला, "ताई, तुमचे सर निदान मेल तरी करतात." सगळे हसले, मीही. त्याच्या गाईडनी सहा महिने उत्तर दिलं नव्हतं. तो गट मी अजून सोडलेला नाही. संकोची माणसाला सुरुवातीला जड जाईल, पण पहिल्या दिवशी काही न बोलता बसलं तरी चालतं आणि कुणी खोदून विचारत नाही.

वेटिंग लिस्ट हीच या सेवेची खरी दुखती नस आहे. सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यांत नाव दिलंत तर चार-पाच दिवसांत वेळ मिळते. परीक्षा तोंडावर आल्यावर दिलंत तर परीक्षा उरकूनच मिळते. समुपदेशक मोजके, आणि सगळे एकाच वेळी धडकतात. वर एका सेमिस्टरला जास्तीत जास्त आठ सेशनची मर्यादा. मर्यादा असायला माझी हरकत नाही, त्यामुळे रांग पुढे सरकते. पण ती पहिल्याच दिवशी सांगा ना. मला ती सहाव्या भेटीत कळली, नेमकी घरच्या विषयाला हात घातल्यावर. पुढे ज्यांना जास्त काळ मदत लागेल त्यांना बाहेरच्यांची यादी देतात. माझ्या हातात आलेली यादी झेरॉक्सची झेरॉक्स होती आणि त्यातले दोन नंबर बंद होते. औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात, कारण समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. ती चिठ्ठी मात्र लगेच मिळते आणि पाठपुरावाही होतो, असं रूममेटच्या अनुभवावरून सांगते.

आणि तो पोस्टर! दारावर लावलाय: "९६% विद्यार्थी समाधानी." अभिप्रायाचा फॉर्म शेवटच्या सेशनला देतात. जे दुसऱ्या भेटीनंतर आलेच नाहीत, जे वेटिंग लिस्टवर कंटाळून गेले, ते या टक्क्यात कुठे आहेत? मी हे काउंटरवरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, प्रिंटर आमच्याकडे नसतो."

तारेच द्यायचे तर समुपदेशनाला साडेचार, व्यवस्थेला दोन. नव्यानं जाणाऱ्यांसाठी थोडं: नाव ऑनलाइन देण्यापेक्षा काउंटरवर द्या, तिथे रद्द झालेल्या वेळांची वही असते आणि सकाळी पहिल्या तासात विचारलं तर त्याच दिवशी जागा मिळून जाते. दुपारी रांग ओसरलेली असते, बाकांवर बसणं सोसतं. जिवाचं काही मनात येत असेल तर वेटिंग लिस्टचा विचारच करू नका. काउंटरवर "तातडीचं आहे" एवढंच म्हणा. रोज एक वेळ त्यासाठी राखलेली असते आणि काका कारण विचारत नाहीत, सरळ आत नेतात. आणि सेशन किती मिळणार, हे पहिल्याच भेटीत आपण होऊन विचारून घ्या.